उमेदवारीचा हिशेब: मामलतीच्या लिलावापासून प्रतिज्ञापत्रापर्यंत

मोडनिंब हे माढा तालुक्यातील रस्त्यावरचे गाव. पुणे-सोलापूर महामार्ग येथूनच जातो आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील स्थानकही येथे आहे. निवडणुकीच्या दिवसांत अशा गावांतून सर्व पक्षांच्या गाड्यांची ये-जा असते आणि चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: पडणार हे ठाऊक असताना हा उभा तरी कशाला राहिला? त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो. निवडून आला तरी एवढा खर्च भरून कसा काढणार?

हे दोन्ही प्रश्न लोकशाहीहून जुने आहेत. या धाग्यात त्यांचा माग घ्यायचा आहे. सत्तेच्या पदासाठी पुढे येणारा माणूस त्या पुढे येण्यातून स्वतःसाठी काय मिळवतो, आणि राज्यसंस्थेने त्याला वेळोवेळी आळा कसा घातला किंवा वाट कशी मोकळी करून दिली, हा विषय.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘उमेदवार’ हा फारसीतून आलेला शब्द. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. जुन्या कचेऱ्यांत उमेदवार म्हणजे पगार न घेता काम शिकणारा आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा मनुष्य. ‘अमक्या वकिलाकडे उमेदवारी केली’ असे आजही म्हटले जाते. युरोपीय भाषांतील शब्द रोमन उमेदवाराच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावरून आला; तेथे निष्कलंकपणा दाखवायचा असे. मराठी शब्द त्या मानाने अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. त्यात आज पदरचे खर्चून उद्या मिळवण्याची आशा उघडपणे सामावलेली आहे.

मोडनिंबहून पुण्याच्या दिशेने निघाले की टेंभुर्णी लागते. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी सदाशिव माणकेश्वर यांचे नाव या गावाशी जोडलेले आहे. त्यांच्या काळातील पुण्याच्या दरबारात मुलखाचा वसुली अधिकार, म्हणजे मामलत, कशी दिली जात असे हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

मूळ पद्धत अशी होती. कमाविसदाराला किंवा मामलतदाराला परगणा सोपवताना त्या वर्षीच्या उत्पन्नाचा आजमास ठरे. त्यातील काही रक्कम वसुलीपूर्वीच सरकारात भरावी लागे. तिला रसद म्हणत. ही रक्कम मामलतदार बहुधा सावकाराकडून उचले आणि व्याजासह मुलखातून वसूल करी. म्हणजे पद मिळण्याआधीच भांडवल गुंतलेले असे. त्यावर लगाम म्हणून फडणीस, मजुमदार यांसारखे दरकदार नेमलेले असत. मामलतदाराला त्यांना काढता येत नसे. गावपातळीवर देशमुख-देशपांडे होतेच, आणि वर्षअखेर हिशेब पुण्याच्या दप्तरात रुजू करावा लागे. थोरल्या माधवरावांच्या आणि नाना फडणिसांच्या काळात ही व्यवस्था बऱ्यापैकी चालली. याचा अर्थ मामलतदार हात ओले करून घेत नव्हते असा नाही. त्यांना किती मिळवता येईल याला हद्द होती, एवढाच.

१८१८मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात मामलतदाराच्या फायद्याचे मार्ग नोंदवले आहेत. जमा लपवणे, न दिलेली सूट दिली म्हणून दाखवणे, हजेरीपटावर नसलेली माणसे दाखवून त्यांचा पगार उचलणे, वर्षासने न देता दिली असे लिहिणे. जेत्याने जितांच्या कारभाराविषयी लिहिलेला हा मजकूर आहे, तेव्हा तो सावधपणे वाचावा हे खरेच. परंतु एल्फिन्स्टन नाना फडणिसांच्या काळाची तारीफही करतो, त्यामुळे सरसकट बदनामी हा त्याचा हेतू दिसत नाही.

या अहवालातील सर्वांत मार्मिक भाग ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ याविषयीचा आहे. मामलतदार कारभाऱ्यांना आणि हिशेबनिसांना गुप्तपणे काही रक्कम देत असे आणि ती रयतेवर पट्टी बसवून वसूल करत असे. कालांतराने ही लाच इतकी नेहमीची झाली की तिची रक्कम ठरून गेली आणि ती सरळ हिशेबात दाखवली जाऊ लागली; तिची तपासणीही इतर खर्चांप्रमाणे होऊ लागली. पण लाच उघड झाली म्हणजे ती लाच राहत नाही. कारभाऱ्यांना गुप्त असे काही हवेच होते. म्हणून तिच्यावर आणखी एक गुप्त रक्कम आली आणि तिच्यासाठी आणखी एक वसुली. अशा नाजूक बाबींत हिशेबनीस फार खोल जात नसल्यामुळे मामलतदार धन्यासाठी जेवढे गोळा करी, त्याहून अधिक स्वतःसाठी ठेवी.

रोमन इतिहास वाचणाऱ्यांना येथे सिसिली प्रांताचा सुभेदार व्हेरीस आठवेल. त्याच्यावरील खटल्यात सिसेरोने सांगितले होते की या गृहस्थाने आपल्या तीन वर्षांच्या मिळकतीची वाटणी आधीच करून ठेवली होती: एका वर्षाची स्वतःला, एका वर्षाची वकील-पाठीराख्यांना आणि सर्वांत चांगल्या वर्षाची न्यायाधीशांना. पद ही गुंतवणूक मानली की हिशेबाची रीत सारखीच होते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात उरलेला पडदाही गेला. मामलत अनुभवी माणसाला देण्याऐवजी पेशव्याच्या भोवतीच्या मंडळींत तिचा लिलाव होऊ लागला. चढी बोली बोलण्यास उत्तेजन मिळे आणि कोणी या व्यवहारात पडण्यास कचरला तर त्याच्यावर गैरमर्जी होई. बोली जिंकणारा परगण्याचे तुकडे करून खालच्यांना मक्त्याने देई, ते त्याहून खालच्यांना, आणि अखेर ओझे पाटलाच्या व रयतेच्या डोक्यावर येई. मुदत पूर्ण होईपर्यंत पद टिकेल याचीही शाश्वती नसे, कारण दुसऱ्याने अधिक देऊ केले की पहिल्याची उचलबांगडी. अशा मनुष्याला पुढच्या वर्षीच्या पिकाची काळजी असण्याचे कारण नव्हते.

इंग्रजांनी हा मक्ता बंद केला आणि पगारी मामलतदार नेमला. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९१९च्या सुधारणांनंतर, मतपेटीचा उमेदवार मोठ्या संख्येने आला आणि त्याच्याबरोबर नवा कायदाही आला. १९२०मध्ये दंडसंहितेत निवडणूक अपराधांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यात मतदाराला लाच देणे हा गुन्हा ठरला हे सर्वांना ठाऊक असते. कमी लक्षात येणारी गोष्ट अशी की निवडणुकीच्या हक्कांत ‘उभे राहणे, न राहणे आणि माघार घेणे’ हेही हक्क धरले गेले आणि त्यांसाठी पैसे देणे-घेणे हीसुद्धा लाच मानली गेली. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही ही तरतूद आहे. उमेदवारी हीच विकाऊ वस्तू आहे, जिंकण्याची गरजच नाही, हे कायदे करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून ओळखले होते.

१९५१च्या कायद्याचे विधेयक संसदेत मांडणारे कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या कायद्याच्या सातव्या कलमातील ‘ड’ पोटकलम येथे महत्त्वाचे. सरकारला माल पुरवण्याच्या, सरकारचे काम करण्याच्या किंवा सेवा देण्याच्या कंत्राटात ज्याचा ‘वाटा किंवा हितसंबंध’ असेल, मग तो स्वतःच्या नावाने असो वा त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाच्या नावाने, तो मनुष्य संसदेचा किंवा विधिमंडळाचा सभासद होण्यास अपात्र. जाळे मुद्दाम रुंद विणले होते.

त्यात पहिला मोठा मासा सापडला भंडाऱ्यात. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि लोकसभेचा तो द्विसदस्य मतदारसंघ होता: एक सर्वसाधारण जागा, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. मुलजी सिका आणि कंपनी या विड्यांच्या पेढीत ते भागीदार होते, आणि ही पेढी लष्कराच्या कँटीनसाठी केंद्र सरकारला विड्या पुरवत होती.

विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत तेंदूपाने आणि विडीउद्योग हेच तेव्हाचे मोठे अर्थकारण. तेथे विडीच्या पेढीचा भागीदार निवडणुकीला उभा राहणे सोलापुरात साखर कारखान्याच्या संचालकाने उभे राहण्याइतकेच स्वाभाविक होते. त्यात कोणाला काही वावगे वाटले नसावे. पण प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात.

न्यायालयाने दोन तारखा पकडल्या. १५ नोव्हेंबर १९५१, अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस, आणि १४ फेब्रुवारी १९५२, निकाल जाहीर झाल्याचा दिवस. या दोन दिवसांच्या दरम्यान जसानींचा कंत्राटात हितसंबंध होता का, एवढाच प्रश्न. त्यावरचा बचाव मोठा चतुर होता. राज्यघटनेच्या २९९व्या अनुच्छेदानुसार केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावाने आणि ठरलेल्या रीतीनेच व्हावा लागतो. विड्यांचा व्यवहार साध्या पत्रांनी ठरला होता. तेव्हा तो करारच नव्हे. आणि करारच नाही, तर हितसंबंध कशात?

फेब्रुवारी १९५४मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी हा बचाव मानला नाही. ते स्वतः नागपूरच्या न्यायालयातून दिल्लीला गेलेले. सरकार रोजच्या रोज असे असंख्य व्यवहार करते. औपचारिकता पाळली नाही म्हणून ते अस्तित्वातच नाहीत असे म्हणता येत नाही, आणि सरकारला मागाहून अशा व्यवहारास मान्यताही देता येते. विधिमंडळाची शुचिता राखणे आणि सभासदाचे कर्तव्य व स्वार्थ यांत टक्कर होऊ न देणे हा कलमाचा उद्देश. तो उद्देश कागदावर कोणाचे नाव छापले आहे यावर अवलंबून ठेवता येणार नाही. जसानी अपात्र ठरले.

याच खटल्यात दुसरा एक धागा होता आणि तो वगळणे अन्यायाचे होईल. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. ते महानुभाव पंथात गेल्यामुळे महार राहिले नाहीत, असे कारण देऊन तो फेटाळण्यात आला होता. पंथ स्वीकारला तरी समाजाने त्यांना आपलेच मानले होते आणि तेही स्वतःला महारच समजत होते, तेव्हा अर्ज फेटाळणे चूक, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे केवळ जसानींची जागा नव्हे, तर भंडाऱ्याची संपूर्ण निवडणूकच रद्द झाली. कंत्राट आणि जात हे दोन प्रश्न एकाच निकालपत्रात बसलेले पाहायचे असतील तर हे निकालपत्र वाचावे.

पोटनिवडणूक १९५४च्या मे महिन्यात झाली. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर उभे होते स्वतः डॉ. आंबेडकर. १९५२मध्ये मुंबईत नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला होता. भंडाऱ्यात काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि आंबेडकर पुन्हा हरले. ज्या कायद्याचे विधेयक त्यांनी मांडले, त्याच कायद्याने रिकामी झालेली ही जागा होती. जनतेतून निवडून जाण्याचा त्यांचा तो अखेरचा प्रयत्न ठरला. उमेदवारीतून काहीही न मिळवलेला हा उमेदवार या धाग्यात हवाच होता.

आता कायद्याचे पुढे काय झाले ते पाहू. भंडाऱ्याचे प्रकरण आमदार-खासदारांच्या जिव्हारी लागले असावे, कारण १९५८मध्ये कलम बदलले आणि १९६६मध्ये त्याला आजचे ‘९-अ’ हे रूप मिळाले. नव्या शब्दांत ‘वाटा किंवा हितसंबंध’ नाही. दुसऱ्याच्या नावाने घेतलेल्या कंत्राटाचा उल्लेख नाही. ‘सेवा’ हा शब्दही गेला. आता अपात्र कोण? जो ‘स्वतः’ आपल्या व्यापाराच्या ओघात सरकारशी माल पुरवण्याचा किंवा बांधकामादी कामाचा करार करील तो, आणि करार चालू असेल तोवरच. आपले काम पूर्ण केले असेल तर सरकारकडून बिल येणे बाकी असले तरी अडचण नाही.

एका शब्दाने किती फरक पडतो पाहा. तीच विडी, तेच लष्कर, तीच रक्कम. पण पुरवठा करणारी कंपनी पत्नीच्या किंवा मुलाच्या नावाने असली की उमेदवार मोकळा. दहाव्या कलमाने सरकारी भांडवल पंचवीस टक्के वा अधिक असलेल्या कंपनीच्या व्यवस्थापकाला अपात्र ठरवले, परंतु तेथेही कंसात ‘सहकारी संस्था वगळून’ असे शब्द आहेत. सहकारी संस्थेचा पदाधिकारी हा सभासदांनी निवडलेला असतो, तो मालक नसतो, हे त्यामागचे तत्त्व. आणि ते पूर्णपणे चुकीचे नाही. मात्र ज्या राज्यात सहकारी साखर कारखान्यांना शासकीय भागभांडवल मिळते आणि कारखान्याचे संचालकपद ही आमदारकीची पायरी समजली जाते, त्या राज्यात त्या कंसाचे वजन किती, हे माढा-पंढरपूर भागातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

हरण्याच्या उमेदवारीचे काय, हा टपरीवरचा पहिला प्रश्न अजून शिल्लक आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण थेट राष्ट्रपतिपदाचे आहे. १९६७मध्ये त्या पदासाठी १७ उमेदवार होते. त्यांपैकी नऊ जणांना एकही मत पडले नाही. मते मिळण्याची शक्यता नाही हे त्यांनाही ठाऊक होते. मिळत होते ते नाव, वर्तमानपत्रातील ओळ, आणि आयुष्यभर पुरणारी ‘माजी उमेदवार, राष्ट्रपतिपद’ ही पदवी. १९७४मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत आली. १९९७मध्ये ते आकडे पन्नास, पन्नास आणि १५ हजार झाले.

लोकसभेला १९९६मध्ये देशभरात १३,९५२ उमेदवार उभे होते. अनामत होती ५०० रुपये. गर्दीत हौशे-नवशे-गवशे होते आणि डमीही होते. डमी उमेदवाराचा उपयोग निवडणूक कार्यालयात सर्वांना ठाऊक असतो: त्याच्या नावाने आणखी वाहनांचे परवाने मिळतात, मतदान केंद्रात आणि मतमोजणीच्या टेबलावर आणखी प्रतिनिधी बसवता येतात. पण त्याच वर्षी बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार होते, आणि ते नफ्यासाठी उभे नव्हते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीने ती फौज उभी केली होती. एवढी नावे मावणारी मतपत्रिका छापायची कशी हाच प्रशासनापुढचा प्रश्न झाला. नलगोंड्यात ४८० जण पाण्यातील फ्लोराइडच्या प्रश्नावर उभे होते. त्यानंतर अनामत एकदम १० हजारांवर गेली आणि १९९८ला उमेदवारांची संख्या ४,७५०वर आली. चाळणी लावली ती धंदेवाइकांसाठी, पण त्यातून बेळगावचा मराठी शेतकरीही गळून पडला. धंदेवाइकाला १० हजार जड नव्हतेच.

जिंकणाऱ्याचा हिशेब तर उघड आकड्यांचा आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत खर्चाची कायदेशीर मर्यादा ९५ लाख रुपये होती. खासदाराचे मूळ वेतन तेव्हा महिना एक लाख, म्हणजे भत्ते सोडून पाच वर्षांचे ६० लाख. मर्यादेत राहून खर्च केला तरी वेतनातून तो फिटत नाही. अर्थात खर्च पक्ष करतो, हितचिंतक करतात. हितचिंतकाला पुढे काय हवे असते, हे अंतस्थाच्या परिच्छेदात आलेच आहे.

एकविसाव्या शतकात न्यायालयांनी दुसरी वाट धरली. अपात्र ठरवता येत नसेल तर निदान उघड करायला लावा. २००२ आणि २००३च्या निकालांनी उमेदवाराला स्वतःची, पती वा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, देणी आणि गुन्हे शपथेवर सांगणे बंधनकारक झाले. त्याची महाराष्ट्रातील मोठी कसोटी अंबरनाथची. २००४मध्ये तेथून निवडून आलेले किसन कथोरे यांच्या प्रतिज्ञापत्रात पत्नीच्या नावावरचा बंगला, वाहन, भागीदारीतील हिस्सा आणि विजेची थकबाकी यांचा उल्लेख नव्हता. उच्च न्यायालयाने २००७मध्ये निवड रद्द केली. कथोरे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे उच्च न्यायालयाचा निर्णय कायम झाला. तारीख होती ९ मे २०१४. ज्या विधानसभेसाठी ती निवड होती, तिची मुदत २००९मध्येच संपली होती, आणि मधल्या निवडणुकीत कथोरे मुरबाडमधून पुन्हा आमदार झाले होते.

२०१८मध्ये लोकप्रहरी या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. उत्पन्न कोठून आले तेही सांगा, आणि सरकारशी असलेली कंत्राटेही सांगा. नातेवाइकांच्या कंत्राटामुळे उमेदवार अपात्र ठरावा, ही मागणी मात्र संसदेचा विषय म्हणून न्यायालयाने बाजूला ठेवली. त्यानुसार २६ क्रमांकाच्या नमुन्यात नवे रकाने आले. उमेदवाराचे स्वतःचे कंत्राट, पती वा पत्नीचे, अवलंबितांचे, एकत्र कुटुंबाचे किंवा न्यासाचे, भागीदारी पेढीचे, खाजगी कंपनीचे. १९५१च्या कलमातून उडालेला ‘वाटा किंवा हितसंबंध’ जवळजवळ सगळाच या रकान्यांत परत आला आहे. फरक एवढाच की तेव्हा त्याने जागा जात असे. आता त्यासमोर ‘होय’ लिहून तपशील दिला की अर्ज वैध ठरतो.

हे प्रतिज्ञापत्र अर्ज भरल्यानंतर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावले जाते आणि आयोगाच्या संकेतस्थळावरही येते. माढ्याच्या प्रत्येक उमेदवाराचे ते मोडनिंबच्या मतदाराला आपल्या मोबाइलवर वाचता येते. कंत्राटांचे रकाने शेवटच्या पानांकडे असतात.